पडणं-पाडणं, लाय-ले

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दोघं दर रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा मोठ्या माणसांची इंग्रजीची बॅच घेतो. बॅच आठ रविवारांची आणि विषय एकच: एकमेकांत गुंतणारी क्रियापदं, तीही फक्त वर्तमानकाळात. येणारी माणसं कामावरची. कुणी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, कुणी ट्रान्सहार्बर लोकलने रोज ऐरोली-घणसोली गाठणारे, कुणी गोखले रोडवर दुकानाचं काउंटर सांभाळणारे, दोन-तीन जणी मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या. काळांचा तक्ता सगळ्यांना येतो. ‘आय गो, यू गो, ही गोज’ हे झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणतील. वाक्य बोलायला गेलं की मात्र अडतं. म्हणून तक्ता आम्ही फळ्यावर काढतच नाही. त्याऐवजी काय करतो, गाडी कुठे अडते आणि का, ते इथे लिहितो. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय; स्पेलिंग महत्त्वाचं असेल तिथे अक्षरं सुटी लिहू.

पहिल्या रविवारी वीस मराठी वाक्यं आणि वीस मिनिटं. मोबाइल पिशवीत. ‘बाबा जरा पडलेत.’ ‘कोंबडी अंडी घालते.’ ‘मी किल्ली शोधतोय.’ ‘भाव वाढतायत.’ ‘दुकानदार भाव वाढवतो.’ ‘मला त्याचा पत्ता माहीत आहे.’ ‘मी दहा वर्षांपासून कळव्यात राहतो.’ अशी घरातली. तपासताना हात फक्त क्रियापदाला लावायचा. ‘अ’ की ‘द’, ‘इन’ की ‘ऑन’ याकडे काणाडोळा. चुका चार ढिगांत पडतात. क्रियापदच दुसरं आलंय. क्रियापद बरोबर पण ‘एस’ गळलाय. नको तिथे ‘आयएनजी’ चिकटलाय. किंवा काळच वेगळा हवा होता. वाक्यासमोर लाल शेरा न मारता एक ते चार यांतला आकडा टाकतो. ‘माझं ग्रामर वीक आहे’ असं म्हणत आलेल्या माणसाला त्या आकड्यांवरून कळतं की आपलं सगळं कच्चं नाही, फक्त तिसऱ्या ढिगात भरणा जास्त आहे. ढीग वेगळे काढण्याचं कारण साधं आहे. चौघांचं औषध वेगळं.

पहिल्या ढिगापासून सुरुवात करतो आणि ती मराठीतून करतो. पडणं-पाडणं. मरणं-मारणं. तुटणं-तोडणं. फुटणं-फोडणं. सुटणं-सोडणं. बसणं-बसवणं. ‘मी कप फुटला’ असं आपल्यापैकी कुणीही, कधीही म्हणत नाही. कप फुटतो, मी कप फोडतो. पहिल्यात गोष्ट आपली आपण होते, दुसऱ्यात कुणीतरी ती करतं, आणि फरक कधी ‘पड’च्या ‘पाड’ होण्यात असतो, कधी ‘बस’ला ‘व’ जोडण्यात. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी हा फरक उरलेलाच नाही: ‘ब्रेक’ म्हणजे तुटणंही आणि तोडणंही, ‘लीव्ह’ म्हणजे ट्रेन सुटणंही आणि गाव सोडणंही. पण काही जोड्या शिल्लक आहेत. सिट-सेट, लाय-ले, राइझ-रेझ, फॉल-फेल (हे दुसरं ‘फेल’ म्हणजे झाड पाडणं, नापास होणं नव्हे). यांतही स्वरच बदलतो, आणि हा योगायोग नाही. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली, त्या कुळातल्या जुन्या भाषांत होण्याच्या क्रियापदावरून करण्याचं क्रियापद बनवायची ही रीतच होती. या जोड्या तिच्या खुणा आहेत. जो फरक आपण लहानपणापासून बिनचूक करतोय तोच इथे करायचा आहे, एवढं पटलं की अर्धी भीती जाते.

उरलेली अर्धी लाय-लेमध्ये असते. हिला आम्ही अख्खा दुसरा रविवार देतो, कारण ही जोडी नाही, तिघांचं भांडण आहे. एक ‘लाय’ म्हणजे आडवं होणं किंवा पडून असणं, स्पेलिंग एल-आय-ई. दुसरं ‘लाय’ म्हणजे खोटं बोलणं, स्पेलिंग तेच. तिसरं ‘ले’ म्हणजे ठेवणं, अंथरणं, घालणं, एल-ए-वाय. वर्तमानकाळात पहिली दोन अगदी सारखी चालतात: आय लाय, ही लाइझ, ही इज लाइंग. तिसरं: आय ले, ही लेझ, ही इज लेइंग. ‘हॅव’ लावल्यावर तिघं फुटतात. पडून असण्याचं ‘हॅज लेन’ (एल-ए-आय-एन), खोट्याचं ‘हॅज लाइड’ (एल-आय-ई-डी), ठेवण्याचं ‘हॅज लेड’ (एल-ए-आय-डी). आणि खरी मेख अशी की आडवं होण्याच्या ‘लाय’चा भूतकाळच ‘ले’ आहे. म्हणून भूतकाळ आम्ही या बॅचमध्ये मुद्दाम आणत नाही. दोन ‘ले’ एकाच दिवशी भेटले की दोन्ही हातातून जातात.

ओळखायची रीत एका प्रश्नाची आहे: क्रियापदानंतर ‘काय?’ विचारायचं. उत्तर मिळालं तर ‘ले’, नाही मिळालं तर ‘लाय’. द हेन लेझ... काय? एग्ज. मिळालं. ‘द हेन लाइझ’ म्हटलं तर कोंबडी आडवी पडलीय किंवा खोटं बोलतेय. रस्ता खणून केबल टाकणारी माणसं ठाण्यात शोधावी लागत नाहीत, म्हणून दुसरं उदाहरण तेच घेतो. ‘दे आर लेइंग अ केबल’: ते केबल टाकतायत. ‘द केबल इज लाइंग ऑन द रोड’: केबल रस्त्यावर पडलीय. दोन्ही वाक्यांत केबल आहे, पण पहिल्यात ती ‘काय?’चं उत्तर आहे आणि दुसऱ्यात ती स्वतःच कर्ता आहे. तिसरं वाक्य टाकलं की वर्ग पुन्हा हलतो: ‘द केबल इज लेड अंडर द रोड.’ इथे ‘काय?’ला उत्तर नाही, तरीही ‘ले’चंच रूप. कारण कर्म उचलून पुढे बसवलंय. अशा ठिकाणी प्रश्न बदलायचा आणि ‘कुणी?’ असं विचारायचं. कुणीतरी ती टाकते, मग ‘ले’. हा दुसरा प्रश्न पहिल्याच दिवशी सांगितला नाही तर नियम लवकरच फसतो आणि माणसं नियमावरच रुसतात.

आणखी एक अडचण बाहेरून येते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेसुद्धा बोलताना ‘आय ॲम गोइंग टु ले डाउन’ म्हणून जातात, मालिकांत ते सर्रास ऐकू येतं. त्यामुळे आपल्या पोरांना वाटतं, आपले मास्तरच चुकतायत. बोलण्यात चालतं, हे आम्ही मान्य करतो. ऑफिसच्या मेलमध्ये आणि परीक्षेत चालत नाही. मोबाइलचा कीबोर्डही इथे वाचवेलच असं नाही. ‘ले’ हा शब्द म्हणून शुद्ध आहे, स्पेलिंग तपासणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही.

आता ‘बाबा जरा पडलेत.’ याचं भाषांतर ‘माय फादर हॅज फॉलन’ असं हमखास येतं, आणि ऐकणारा धावत यावा असं ते वाक्य आहे. मराठी ‘पडणे’ दोन कामं करतं, खाली पडण्याचं आणि आडवं होण्याचं. पण घोटाळा तेवढाच नाही. माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे सांगायला मराठी पूर्ण वर्तमानकाळ वापरते: तो बसलाय, ती झोपलीय, ते उभे राहिलेत, आजोबा पडलेत. इंग्रजी तिथे चालू काळ वापरते: ही इज सिटिंग, शी इज स्लीपिंग, दे आर स्टँडिंग, ही इज लाइंग डाउन. ‘बसलाय’चं ‘हॅज सॅट’ केलं की ऐकणाऱ्याला ते ‘नुकताच बसला’ असं काहीतरी लागतं. अंगावरच्या कपड्यांचंही तसंच. ‘तिने निळी साडी नेसलीय’ म्हणजे ‘शी इज वेअरिंग अ ब्लू सारी’. आणि ‘ती साडी नेसतेय’ याला ‘वेअरिंग’ चालत नाही, ‘शी इज पुटिंग इट ऑन’. इंग्रजी व्याकरणाच्या जाड पुस्तकांत हा मुद्दा आम्हाला फारसा भेटला नाही, कारण ती मराठी माणसासाठी लिहिलेलीच नसतात. आम्ही वहीत एक पान राखून ठेवायला सांगतो: डावीकडे ‘-लाय, -लीय, -लेत’, उजवीकडे ‘इज ...इंग’. बसणं, झोपणं, उभं राहणं, पडणं, टेकणं, लटकणं, घालणं, नेसणं. आठ क्रियापदांनी पान भरतं. फाइलींसाठी मात्र मराठी स्वतःच उत्तर देते. ‘फाइल सोमवारपासून टेबलावर पडून आहे’: ‘द फाइल हॅज बीन लाइंग ऑन द टेबल सिन्स मंडे.’ ‘हॅज लेन’ हे रूप शुद्ध असलं तरी बोलण्यात जवळजवळ कुणी वापरत नाही, तेव्हा ते ओळखता आलं तरी पुरे.

राइझ-रेझ तुलनेने सोपं, कारण वाढणं-वाढवणं आपल्याकडे तयार आहे. प्राइसेस राइझ, द शॉपकीपर रेझिझ द प्राइस. इडलीचं पीठ फुगतं ते ‘राइझिझ’, वर्गात हात वर करतो तो ‘रेझ’. ऐरोलीच्या आयटीतली मंडळी तक्रार नोंदवताना रोज ‘टिकिट रेझ करतो’ म्हणतच असतात. त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, तुम्ही नियम आधीपासून पाळताय. प्रश्न उद्भवतो तेव्हा ‘अ क्वेश्चन अराइझिझ’, प्रश्न उपस्थित करतो तेव्हा ‘ही रेझिझ अ क्वेश्चन’. आणि मेल घाईत जायचा असेल, डोकं चालत नसेल, तर भावाच्या बाबतीत ‘इन्क्रीज’ लिहावं. ते दोन्हीकडे चालतं.

इथे अडतो तो उच्चार. शेवटचा आवाज ‘स’ नाही, ‘झ’ आहे; जीभ दातांमागे ठेवून घशातून गुणगुणणारा. ‘जहाज’मधला शेवटचा ‘ज’ सावकाश ओढला तर जवळपास तोच येतो. तो ‘स’ झाला की ‘राइझ’चा तांदूळ होतो आणि ‘लाइझ’च्या उवा. ‘द प्राइसेस राइस’ असं म्हणणाऱ्याला आम्ही गळ्यावर दोन बोटं ठेवायला लावतो. ‘झ’ला बोटांखाली थरथर लागते, ‘स’ला लागत नाही. ‘लूझ’ म्हणजे हरणं, एल-ओ-एस-ई, त्यात ‘झ’. ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन ‘ओ’ आणि ‘स’. स्पेलिंगमध्ये ‘लूझिंग’ला एकच ‘ओ’ आणि ‘ई’ गळतो. ‘अड्व्हाइझ’ क्रियापद, ‘अड्व्हाइस’ सल्ला, तिथेही हाच फरक.

सिट-सेटवर फार वेळ घालवत नाही. बसणं-बसवणं. फक्त ‘सेट’ अपवाद घेऊन येतो आणि तो स्वयंपाकघरात नीट दिसतो. आपण दही लावतो: वी सेट द कर्ड. आणि दही लागतं: द कर्ड सेट्स. लावतो आपण, लागतं आपलं आपण, क्रियापद एकच. सूर्यही ‘सेट’ होतो, काँक्रीटही. आयएनजी लावताना ‘सिटिंग’, ‘सेटिंग’ दोन्हीत ‘टी’ दोनदा.

दुसरा ढीग, गळलेल्या ‘एस’चा. नियम सगळ्यांना पाठ असतो: ही, शी, इट आणि एकवचनी नामाला ‘एस’. तरी ‘माय मदर गोज’ बरोबर येतं आणि पुढच्याच ओळीत ‘माय फादर गो’. एकाच माणसाच्या तोंडून. आधी आम्ही याला निष्काळजीपणा म्हणत होतो. मग मराठी वाक्य शेजारी लिहिलं. ‘आई ऑफिसला जाते.’ ‘बाबा ऑफिसला जातात.’ आदरार्थी अनेकवचन! डोक्यात ‘जातात’ असतं, तोंडातून ‘गो’ येतं. साहेब येतात, डॉक्टर सांगतात, सर शिकवतात, या सगळ्यांपुढे ‘एस’ गळतो. भाऊ, मुलगी, रिक्षा यांच्यापुढे फारसा गळत नाही. इंग्रजीत आदर क्रियापदात ठेवायची सोय नाही. राष्ट्रपती असोत नाहीतर शिपाई, ‘ही गोज’. तिसऱ्या रविवारी म्हणून आम्ही फक्त मोठ्या माणसांची वाक्यं घेतो: साहेब, आजोबा, मुख्याध्यापक, सासरे. प्रत्येकी पाच. अपमान केल्यासारखं वाटतं, असं एक-दोघं म्हणतातच. वाटू द्यावं.

‘एस’ एका वाक्यात एकदाच मिळतो, हे दुसरं. ‘ही गोज’, पण ‘ही डझंट गो’, ‘डझ ही गो?’. ‘डझ’मध्ये तो आधीच खर्च झालेला असतो. ‘शी डझंट गोज’ म्हणणारे खरं तर नियम जास्तच इमानाने पाळत असतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्झ’ इथे फसगत जवळच्या ‘फ्रेंड्स’मुळे होते, मराठीत उलटवून बघायचं, ‘मित्रांपैकी एक जण राहतो’, की उत्तर मिळतं. ‘एव्हरीवन नोज’ मात्र मराठीने बिघडतं, कारण आपण ‘सगळ्यांना’ म्हणतो.

स्पेलिंगचे बारकावे इथेच उरकतो. ‘टीच’, ‘वॉच’, ‘फिक्स’, ‘गो’ यांना ‘ईएस’. ‘स्टडी’त ‘वाय’च्या आधी व्यंजन आहे म्हणून ‘आयईएस’; ‘ले’, ‘प्ले’, ‘से’त आधी स्वर आहे म्हणून नुसता ‘एस’. ‘से’चं ‘सेझ’ मात्र लिहायला ‘लेझ’सारखं आणि बोलायला आखूड, ‘फेज’सारखं लांबवायचं नाही. ‘आयई’ने संपणाऱ्यांचं आयएनजी लावताना ‘वाय’ होतं: लाइंग, डाइंग, टाइंग. यात एक खड्डा आहे. मरणं ‘डाय’, डी-आय-ई, त्याचं डी-वाय-आय-एन-जी. केस रंगवणं ‘डाय’, डी-वाय-ई, त्याचं डी-वाय-ई-आय-एन-जी, ‘ई’ राखायचा. ब्युटी पार्लरच्या दरपत्रकात तो ‘ई’ पडला की गिऱ्हाईक केस रंगवायला नाही, प्राण सोडायला आलंय असं होतं. ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये ब्रिटिश पद्धतीत दोन ‘एल’, अमेरिकन पद्धतीत एक, आपल्याकडे दोन. कॉम्प्युटर लाल रेघ ओढत असेल तर चूक तुमची नाही, त्याची भाषा अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेली आहे. सेटिंगमध्ये जाऊन भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी निवडायचं.

तिसऱ्या ढिगात सगळ्यात जास्त माल निघतो. आय ॲम नोइंग, आय ॲम हॅविंग टू सन्स, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग. कारण पुन्हा घरचंच. ‘माहीत आहे’, ‘समजत नाहीये’, ‘आवडतंय’, या सगळ्यांत ‘आहे’ बसलेलं किंवा विरघळलेलं आहे, आणि ‘आहे’ दिसलं की हात ‘ॲम’कडे जातो. ‘मी सहमत आहे’चं ‘आय ॲम अग्री’ होतं तेही यातूनच. ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’चा टेकू लागत नाही. इथे आम्ही एकच प्रश्न देतो: हे पाच मिनिटं थांबवून परत सुरू करता येतं का? चालणं थांबवता येतं. लिहिणं थांबवता येतं. माहीत असणं थांबवता येत नाही, दोन मुलगे असणं तर नाहीच. थांबवता येत नसेल तर आयएनजी नको. नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, लाइक, ओन, बिलाँग, कॉस्ट, कंटेन, सीम: ही दहा नावं कार्डावर लिहून पासाच्या पाकिटात.

याच ढिगात एक जोडी अशी आहे जिथे मराठी हात धरून नेते. वास येणं आणि वास घेणं. ‘आमटीचा वास छान येतोय’: ‘द आमटी स्मेल्स नाइस.’ ‘ती आमटीचा वास घेतेय’: ‘शी इज स्मेलिंग द आमटी.’ येणाऱ्या वासाला आयएनजी नको, घेणाऱ्या वासाला हवा. चव लागणं-चव घेणं हे ‘टेस्ट’चं. दिसणं-बघणं हे ‘सी’ आणि ‘लुक ॲट’चं, ऐकू येणं-ऐकणं हे ‘हिअर’ आणि ‘लिसन’चं. येऊरच्या रस्त्यावर माकड दिसतं ते ‘आय सी’, मुलं माकडाकडे टक लावून बघतायत ते ‘दे आर लुकिंग ॲट इट’. ‘हॅव’ला दोन जीव आहेत: माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव अ कार’, मी जेवतोय, ‘आय ॲम हॅविंग लंच’. जेवण थांबवता येतं. प्रश्न तोच, उत्तर वेगळं.

चौथा ढीग म्हणजे ‘मी दहा वर्षांपासून कळव्यात राहतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून ‘आय लिव्ह इन कळवा सिन्स टेन इयर्स’. दोन चुका एकदम. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजी ‘हॅव’ मागते: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन कळवा फॉर टेन इयर्स.’ आणि ‘पासून’ला दोन शब्द आहेत. मोजता येणारी मुदत असेल तर ‘फॉर’: दहा वर्षं, तीन तास, बरेच दिवस. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येणारी सुरुवात असेल तर ‘सिन्स’: २०१५, सोमवार, सकाळ. ‘नो’सारखी थांबवता न येणारी क्रियापदं इथेही आयएनजी घेत नाहीत: ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.’ तिसरा आणि चौथा ढीग इथे एकमेकांवर पडतात, म्हणून चौथा नेहमी तिसऱ्यानंतर. उलट क्रमाने घेऊन पाहिलं होतं. ‘आय हॅव बीन नोइंग’ची रास लागली.

एक तळटीप याच वाक्यावरची: राहणं. कायमचं राहणं ‘लिव्ह’, चार दिवस मामाकडे राहणं ‘स्टे’. आपल्याकडे ‘व्हेअर डू यू स्टे?’ सर्रास विचारतात आणि सगळ्यांना कळतं. परदेशातल्या क्लायंटला मात्र तुम्ही हॉटेलात उतरलायत असं वाटू शकतं.

उरलेल्या जोड्यांना दोन रविवार. ज्यांचा फरक मराठीत आधीच आहे त्या झपाझप संपतात. शिकणं ‘लर्न’, शिकवणं ‘टीच’. आठवणं ‘रिमेंबर’, आठवण करून देणं ‘रिमाइंड’. म्हणणं ‘से’, सांगणं ‘टेल’. सांगायला समोर माणूस लागतो, म्हणून ‘ही टेल्स मी’, पण ‘ही सेझ मी’ नाही. उसने घेणं ‘बॉरो’, उसने देणं ‘लेंड’; आपण दोन्हीकडे ‘उसने’ म्हणतो म्हणून गोंधळ, पण ‘घे’ आणि ‘दे’वर लक्ष ठेवलं की सुटतो. आणणं ‘ब्रिंग’, नेणं ‘टेक’: डबा ऑफिसला नेतो तो ‘टेक’. मात्र निघताना ‘येतो हं’ म्हणायची आपली रीत इंग्रजीत नेऊ नये. ऑफिसातून निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं की साहेब वाट बघत बसतात. ‘आय ॲम लीव्हिंग’ म्हणावं, अशुभ काही होत नाही.

शोधणं आणि सापडणं यांवर मात्र थांबावं लागतं. ‘आय ॲम फाइंडिंग माय की’ हे वाक्य इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. ‘फाइंड’ म्हणजे सापडणं, आणि सापडणं एका क्षणात होतं. शोधत असताना किल्ली सापडलेली नसते. ‘आय ॲम लुकिंग फॉर माय की’. ‘सर्च’ही जपून: ‘ही सर्चेस द बॅग’ म्हणजे तो पिशवी धुंडाळतो, पिशवी शोधत नाही. पिशवी हवी असेल तर ‘सर्चेस फॉर’.

आणि ‘हरवणे’. या एका शब्दात इंग्रजीचे दोन विरुद्ध शब्द राहतात. पास हरवतो तेव्हा ‘लूझ’, समोरच्या संघाला हरवतो तेव्हा ‘बीट’. हरणंही पुन्हा ‘लूझ’. त्यात जिंकणं येऊन मिसळतं आणि ‘वी विन देम’ तयार होतं. सामना, बक्षीस, पैज जिंकतात, ‘विन’; माणसाला किंवा संघाला हरवतात, ‘बीट’. फळ्यावर मधोमध ‘हरवणे’ लिहून दोन बाण काढतो, एका टोकाला वस्तू, दुसऱ्या टोकाला प्रतिस्पर्धी. ‘पास हरवलाय’चं ‘माय पास हॅज लॉस्ट’ येतं ते वेगळंच. इंग्रजीत पास स्वतः हरवत नाही, ‘आय हॅव लॉस्ट माय पास’ असा गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा लागतो.

घरचा अभ्यास प्रवासात. ठाणे ते वाशी अर्ध्या तासाच्या आसपास. तेवढ्यात बारा वाक्यं मनात किंवा पुटपुटत. सहा डोळ्यांसमोरची, चालू काळात: अ मॅन इज लीनिंग अगेन्स्ट द डोअर, अ बॅग इज लाइंग अंडर द सीट. सहा रोजची, साध्या काळात: द ट्रेन लीव्ह्झ ठाणे, माय बॉस कम्स लेट. बॉस मुद्दाम, आदरार्थी ‘येतात’ मोडायला. लिहून काढायची गरज नाही. लिहायला लावलं की लोक एक दिवस करतात आणि सोडतात.

आठव्या रविवारी तीच वीस वाक्यं, तीच वीस मिनिटं. पहिला आणि चौथा ढीग बराच ओसरलेला असतो. दुसरा कागदावर ओसरतो, बोलताना परत डोकावतो. पण हट्टाने तिथेच राहतात ते ‘मेक’ आणि ‘डू’, कारण मराठीत दोघांना एकच ‘करणे’ आहे आणि कोणताही प्रश्न विचारून ते वेगळे होत नाहीत. काहीतरी तयार होतं तिथे ‘मेक’ असं म्हणता येतं, चहा, आवाज, योजना इथवर ते चालतंही. पण फोन ‘मेक’ आणि होमवर्क ‘डू’ का, याला पटण्याजोगं कारण आम्हालाही देता येत नाही. ते जोडीनेच पाठ करायचे: मेक अ कॉल, मेक अ डिसिजन, मेक ॲन एफर्ट, मेक अ मिस्टेक, डू द डिशेस, डू होमवर्क, डू बिझनेस, डू अ फेवर. यातलं ‘मेक अ मिस्टेक’ सगळ्यात उशिरा बसतं. शेवटच्या दिवशी निरोप घेताना कुणीतरी म्हणतंच: ‘सर, नाऊ आय डू लेस मिस्टेक्स.’ ‘लेस’ही चुकलेलं असतं, तिथे ‘फ्यूअर’ हवं. पण त्या दिवशी आम्ही फक्त ‘डू’वर बोट ठेवतो.